बुरशीबाईचा पुरावा

जॅमच्या कारखान्यात तिला सगळे बुरशीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की बुरशीबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. फळांच्या गराची पिंपं, पाक उकळायची भांडी, बाटल्या भरायचं यंत्र, झाकणांची खोकी, यांतल्या कशावरही बुरशीचा एक ठिपका बसला तरी तो हुडकून काढणं हे तिचं काम. टोकाला कापूस गुंडाळलेली काडी घ्यायची, संशयाच्या जागी फिरवायची आणि काचेच्या चपट्या बशीत, बुरशीसाठी थापलेल्या खाद्यावर ओढायची. बशी उबेच्या कपाटात ठेवली की लपून बसलेलं सगळं थोड्या दिवसांत आपणहून वर येतं. हिरवं, काळं, केसाळ, नाहीतर पांढरं गुळगुळीत. मग ती बशी घेऊन बाई थेट त्या खात्यातल्या माणसापुढे उभी राहायची. "हे तुमच्या नळाच्या तोंडात होतं. लोक हे पावाला लावून खाणार होते." माणूस खाली मान घालायचा. बशीपुढे कोण काय बोलणार?

किळस येणं हे तिच्या मते अक्कल शाबूत असल्याचं लक्षण होतं. ज्यांना किळस येत नाही ती माणसं शिळंपाकं खातात, एकमेकांच्या पेल्यातलं पितात आणि मग डॉक्टरच्या दारात रांगा लावतात. ती दूध तीनदा हुंगायची. दुसऱ्याच्या घरी गेली की खुर्चीच्या कडेवर टेकायची, पाहुणचाराचा कप हातात धरून गार करायची आणि तसाच परत ठेवायची. नवरा थट्टा करायचा, "तुझ्या नाकाला कारखान्यानं वेगळा पगार द्यायला हवा."

आणि अशा बाईच्या वाट्याला नेमक्या अशा सासूबाई याव्यात!

सासूबाईंची नखं. हा विषय निघाला की बुरशीबाई हातातला घास ताटात ठेवायची. दहांतली सात नखं जाड, पिवळट तपकिरी, जुन्या साबणाच्या चिपेसारखी. बोटापासून सुटून वर उचललेली, आणि खाली जी फट पडली होती तिच्यातून कोंड्यासारखा भुगा झडायचा. नखाभोवतीची कातडी कायम सुजलेली, लालभडक, दाबली तर ओलसर काहीतरी बाहेर यायचं. ओठांचे कोपरे चिरलेले, त्यांवर पांढरी साय. सासूबाई हसल्या की ती साय ताणली जायची. हे सगळं त्यांना लहानपणापासून होतं. मलमं झाली, गोळ्या झाल्या, दरवेळी थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

सासूबाईंनी आयुष्यभर कपडे शिवले होते. गिऱ्हाइकं नाक मुरडतात म्हणून त्या पातळ हातमोजे घालून माप घ्यायच्या, आणि गिऱ्हाईक गेलं की मोजे काढून भराभर बटणांची काजं करायच्या. स्वभाव मोकळा, गप्पिष्ट. नखांबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माझ्या नखांनी पत्र्याचा डबा उघडतो. तुमच्या नखांनी काय होतं ते सांगा." सगळे हसायचे. बुरशीबाई हसायची नाही. तिला तो डबा दिसायचा, त्याच्या कडेला अडकलेला भुगा दिसायचा, आणि पुढे त्या डब्यातलं कुणीतरी खाणार हे दिसायचं.

त्याच बोटांनी सासूबाई पीठ मळायच्या. उकडलेल्या बटाट्यांची सालं त्याच नखांनी सोलायच्या. लेक झाली, ठमी, आणि एक दिवस सुनेनं डोळ्यांनी पाहिलं, बाटलीतलं दूध फार गरम नाही ना, हे बघायला सासूबाईंनी करंगळी दुधात बुडवली. सुनेनं बाटली घेतली, दूध मोरीत ओतलं, बाटली उकळली, पुन्हा उकळली, आणि मग न्हाणीघरात जाऊन ओकली.

ठमी दोन वर्षांची व्हायच्या सुमारास तिच्या तोंडात पांढरं दिसायला लागलं. आधी जिभेवर, मग गालांच्या आतून, मग टाळूला. नासलेल्या दुधाच्या गुठळ्या चिकटाव्यात तसं. फॅमिली डॉक्टरनं थेंब दिले. आठवडाभर जीभ गुलाबी झाली, पुढच्या आठवड्यात पुन्हा पांढरी. पुन्हा थेंब, पुन्हा तेच. बुरशीबाई रोज सकाळी बोटाला जाळीचं कापड गुंडाळून पोरीचं तोंड पुसायची. गुठळी निघाली की खाली लाल मांस दिसायचं, कधी रक्त यायचं. ठमी गुरासारखी ओरडायची. आणि तोंडाला वास यायचा, शिळ्या पावाचा, आंबूस, गोडसर. हा वास बुरशीबाईला कारखान्यातून चांगला ओळखीचा होता.

एकदा ठमी धावत आली, गळ्यात पडली आणि पापा घ्यायला तोंड पुढे केलं. त्या पांढऱ्या जिभेसकट. आईनं गाल फिरवला. क्षणभरच. पोरीला कळलंही नसेल असं तिनं स्वतःला समजावलं. पण आपल्याच पोटच्या पोरीची शिसारी आली, हे तिला कळलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती मात्र सासूबाईंवर.

एका दुपारी सासूबाई पोटावर हात ठेवून घोरत होत्या. सुनेनं पर्समधून काडी काढली, श्वास रोखून अंगठ्याच्या नखाखाली फिरवली. सासूबाईंनी झोपेतच हात झटकला, जाग्या झाल्या नाहीत. दुसरी काडी ठमीच्या जिभेवरून फिरवली. दोन्ही काड्या कारखान्यात गेल्या, दोन बश्या उबेच्या कपाटात बसल्या. बाहेर काढल्या तेव्हा दोन्हींवर अगदी एकसारखे ठिपके, पांढरे, सायीसारखे, गोल, चकचकीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच अंडाकृती पेशी, तसेच कोंब फुटलेल्या. बुरशीबाईला जो आनंद झाला तो चोर पकडल्याचा होता.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिनं दोन्ही बश्या ठेवल्या. ताटांच्या मधोमध.

"आई, हे तुमच्या नखाखालचं. आणि हे ठमीच्या तोंडातलं."

सासूबाईंनी चष्मा लावला. एक बशी बघितली, दुसरी बघितली. "सारखंच दिसतंय गं."

"सारखंच आहे."

"अगं, जेवताना कशाला?" नवरा म्हणाला आणि ताट मागे सारलं.

"मग कधी? तिला रोज रक्त येतंय! तिच्या तोंडात हे आपोआप उगवलं का? कुणाचं तरी बोट गेल्याशिवाय जातं का?"

नवऱ्यानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि नेहमीप्रमाणे पाण्याच्या ग्लासाकडे. सासूबाईंनी चष्मा काढला. भांडतील, रडतील, तुझ्या बशीचं मला काय सांगतेस म्हणतील, अशी सुनेची तयारी होती. त्यांनी फक्त दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीखाली घेतले. "मग काय करायचं ते सांग," म्हणाल्या.

तिनं सांगितलं. सासूबाईंचा कप वेगळा, ताट वेगळं, टॉवेल वेगळा. स्वयंपाकघरात पाऊल नाही. ठमीला घ्यायचं नाही, भरवायचं नाही, वेणी घालायची नाही. दिवसा तिला सांभाळायला पगारी बाई येणार. कारखान्यात मूळ जागा सापडली की ती बंद करायची असते, एवढं साधं काम. ठमीलाही शिकवलं. "आजीला हात लावायचा नाही. छी! आजीच्या हाताला घाण आहे." म्हणताना तिचं नाक आपोआप आक्रसायचं. पोर हुशार, लगेच शिकली.

सासूबाईंनी सगळं पाळलं. हात मांडीखाली घेऊन खुर्चीत बसायच्या आणि लांबूनच नातीला गोष्टी सांगायच्या. पुढे पुढे ठमी गोष्ट ऐकायलाही येईनाशी झाली.

आणि एवढं करून जीभ पांढरीची पांढरीच. बुरशीबाईनं घरातले नळ तपासले, खेळणी उकळली, गादी उन्हात टाकली, गोड पूर्ण बंद केलं. दोन वर्षं अशी गेली. मग ठमीच्या उजव्या अंगठ्याचं नख एका कडेनं पिवळं व्हायला लागलं, जाड झालं, वर उचललं. ते पाहिलं त्या दिवशी ती तरातरा सासूबाईंच्या खोलीत गेली.

"खरं सांगा. मी कामावर असताना तिला घेता ना?"

सासूबाई दचकल्या. "नाही गं. तिच्या खोलीचा उंबराही ओलांडत नाही मी."

"मग हे आलं कुठून?"

"मला काय कळतंय त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. आणि आपला अंगठा बघत, "माझंसुद्धा अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं."

फॅमिली डॉक्टरनं अखेर हात टेकले आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या डॉक्टर. खोली लहान, भिंतीला टेकून कागदांचे ढीग, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव. बुरशीबाईचं लक्ष आधी त्या पावाकडे गेलं. मग तिनं पिशवीतून ताज्या दोन बश्या काढल्या आणि अभिमानानं पुढे ठेवल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्या उजेडात धरल्या. "छान उगवलंय. आणि तुमची बशी?"

"माझी?"

"घरात माणसं किती?"

"चार."

"मग दोनच बश्या कशा?"

कारखान्यात एखाद्या शिकाऊ पोरानं नुसत्या संशयाच्या नळाची काडी आणली असती आणि शेजारच्या स्वच्छ नळाची आणली नसती, तर बुरशीबाईनं त्याचे सगळ्यांदेखत वाभाडे काढले असते.

"ही बुरशी बहुतेक माणसांच्या तोंडात असते हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंडात, आतड्यांत. निरोगी माणसाच्यासुद्धा. आजीनं दिली, असं काही यातून सिद्ध होत नाही. आहे सगळ्यांकडे. प्रश्न असा, की बाकीच्यांत ती गुमान राहते आणि हिच्यात का माजते."

बुरशीबाईची जीभ तोंडातल्या तोंडात आक्रसली. दातांना लागू नये, टाळूला लागू नये, कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं.

"बुरशीच्या अंगाभोवती भिंत असते, ती साखरेची," डॉक्टरीणबाई सांगत होत्या.

"मी तिला गोड बंद केलंय."

"खायची साखर नव्हे. साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या, लाकडात असतात साधारण त्या जातीच्या. आपल्या अंगात तसलं काही नसतं. म्हणून आपल्या पांढऱ्या पेशींना ती चटकन ओळखता येते. पेशीच्या बाहेरच्या अंगाला एक चिमटा असतो म्हणा ना, खास त्या साखळीच्या मापाचा. साखळी चिमट्यात बसली की पेशीला कळतं, हा आपल्या घरातला नाही. मग ती बोंब मारते, बाकीच्यांना बोलावते. हिच्या पेशी बोंब मारतात का, ते बघू. सगळ्यांचं रक्त लागेल. आजींचंसुद्धा."

रक्त द्यायला सासूबाई आल्या त्या मुठी मिटून. नर्सनं एकेक बोट उलगडलं, आपल्या तळव्यावर घेतलं आणि शीर शोधत गप्पा मारत राहिली. सुई टोचून झाली, कापूस लावून झाला, तरी सासूबाई हात मागे घेईनात. नर्सच्या हातातला आपला हात बघत बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात बुरशीबाईनं कारखान्यात, सगळे जेवायला गेल्यावर, आपल्या गालाच्या आतून काडी फिरवली. बशी उघडली तेव्हा त्यावर ठिपके होते. मोजके, पण तेच. पांढरे, गोल, चकचकीत. त्यांना तोच वास. आजवर चाखलेली जॅमची प्रत्येक चव, ठमीला फुंकर घालून भरवलेला प्रत्येक घास तिला आठवला आणि ती मोरीवर वाकली. पोटातलं सगळं पडलं तरी उमासे थांबेनात. थुंकून थुंकून थुंकणार कुठवर? तोंड तर बरोबरच होतं.

निकाल ऐकायला ती एकटीच गेली. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, निदान तो तसं म्हणाला.

"तिच्या पेशींपुढे आम्ही त्या भिंतीची साखर ठेवली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हूं नाही की चूं नाही. दुसऱ्या जंतूंचा माल ठेवला की बरोबर ओरडतात. फक्त ही एकच गोष्ट त्यांना कळत नाही. चिमटा मोडका आहे, जन्मापासून. घाबरू नका, जिवाला धोका नाही. बुरशी गिळून टाकायचं काम पेशी दुसऱ्या वाटेनं उरकतात, त्यामुळे खोल जात नाही. पण तोंड आणि नखं, इथून पुन्हा पुन्हा वर येणार. औषध देऊ, जाईल, परत येईल, परत देऊ. तोंड घासून सोलू नका तेवढं. त्यानं जास्त चिघळतं."

बुरशीबाई ऐकत होती. जन्मभर तिनं एकच गोष्ट केली होती, बुरशी ओळखली होती. आणि तिच्या पोरीच्या रक्ताला तेवढंच जमत नव्हतं.

"सासूबाईंचंही हेच?"

"हेच. त्यांना कुणी नीट तपासलंच नाही कधी."

"म्हणजे त्यांच्याकडूनच आलं." तिच्या आवाजात नकळत जोर आला.

"अर्धं. प्रत्येकाला या चिमट्याचे दोन साचे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगला असला तरी माणसाचं भागतं. तुमच्या यजमानांचं तसं भागलंय, त्यांना आजींकडून एक मोडका आला, दुसरा धड आहे. ठमीचे दोन्ही मोडके आहेत. एक यजमानांचा. एक तुमचा."

"माझा कसा असेल?" तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले. नखं गुलाबी, आखूड, काचेसारखी. "बघा ना. माझ्यात काही आहे का?"

"तुमचा दुसरा धड आहे म्हणून दिसत नाही. तुमच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या कुणाला दिसला नसेल. नशीब असतं एकेकाचं."

घरी चालत जाताना तिनं वाक्य तयार केलं. आजीकडून आलंय, रक्तातून. खोटं नव्हतं. नवरा खोलात जाऊन विचारणार नव्हता. सासूबाईंनी तर दोन वर्षांपूर्वीच सगळं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतलं होतं, त्यांना आणखी काय लागणार? दुसरं अर्धं कुणाच्या कानावर जायचं कारणच नव्हतं. वाक्य तिनं चौकापर्यंत पाठ केलं. आणि चौकात तिला स्वतःचीच अशी काही घाण वाटली, की बशीतल्या ठिपक्यांचीही कधी वाटली नव्हती.

सासूबाई खुर्चीत होत्या. हात मांडीखाली. ठमी पलीकडे जमिनीवर ठोकळे रचत होती, पिवळा अंगठा मुठीत लपवून.

"माझंच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," सून म्हणाली.

सासूबाईंनी मान डोलावली. वाटलंच होतं, अशी.

सून पाणी प्यायला आत गेली, ग्लास भरला, तसाच ठेवला आणि परत आली. "नाही. तसं नाही. अर्धं तुमचं, अर्धं माझं. रक्तातूनच आलंय. तुमच्या बोटातून गेलंच नव्हतं. ते सगळ्यांच्याच तोंडात असतं. माझ्यासुद्धा. मी बशी लावून बघितली."

बोलताना ती भिंतीकडे बघत होती.

"म्हणजे मी तिला घेतलं असतं तरी चाललं असतं?"

"हो."

"मग दोन वर्षं मी तिला घेतलं नाही, ते कशासाठी?"

सासूबाई उत्तराला थांबल्या नाहीत. त्यांनी मांडीखालून हात काढले, अवघडलेली बोटं हळूहळू सरळ केली आणि हात पुढे पसरले. "ठमे, ये गं. ये आजीकडे."

ठमीनं वर पाहिलं. आजीकडे, मग त्या हातांकडे. आणि तिचं नाक आक्रसलं, वरचा ओठ उजव्या बाजूनं किंचित उचलला गेला, हुबेहूब आईसारखा. "छी," ती म्हणाली.

"नाही गं राणी, आता तसं नाही," आई घाईघाईनं म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. चालतं. हे बघ, मी धरते."

ती खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि सासूबाईंचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. नखांची कड तळव्याला खरखरीत लागली, कातडी ऊन आणि ओलसर होती, थोडा भुगा तिच्या मनगटावर सांडला. किळस तसूभरही कमी झाली नाही. घशाशी आंबट आलं ते तिनं गिळलं. हात सोडला नाही. चेहरा होईल तेवढा हसरा करून ती पोरीकडे वळली.

"बघ. आईनं धरला की नाही? ये, आता तू ये."

ठमीनं आईचे हात नीट बघून घेतले.

"आता तूपण घाण," ती म्हणाली, आणि दोघींपासून लांब सरकून बसली.